गावाबाहेरही तपासणी मोफतच

प्रश्न : आम्ही बीडकडचे ऊसतोड कामगार. सून सात महिन्यांची गरोदर आहे, नाव गावच्या आरोग्य केंद्रात आहे. कारखान्यावर गेल्यावर तिथले डॉक्टर तपासतील का?

उत्तर : ताई, नक्की तपासतील. नाव नोंदवलं तिथेच उपचार, हा गैरसमज आहे. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, मोफत होतं. माता-बाल संरक्षण कार्ड आणि तपासणीचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत न्या. टोळी उतरली की तिथल्या आशाताईंना गाठा. लोहाच्या गोळ्याही मिळतील. मोळ्या मात्र सुनेला उचलायला लावू नका. रक्तस्राव, चेहऱ्यावर सूज, तीव्र डोकेदुखी किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर मुकादमाच्या परवानगीसाठी थांबू नका; लगेच १०८ ला फोन करा.