घटक ४ : ‘कार्बन फूटप्रिंट’ या संज्ञेचे मराठी वाक्यांतील उपयोजन

४.१ उद्दिष्टे

या घटकाचे अध्ययन केल्यानंतर आपल्याला :
• ‘कार्बन फूटप्रिंट’ या संज्ञेचा अर्थ सांगता येईल.
• तिच्या मराठी पर्यायांच्या अर्थच्छटा स्पष्ट करता येतील.
• ही संज्ञा वाक्यात नेमकेपणाने योजता येईल.

४.२ प्रास्ताविक

पर्यावरणविषयक लेखनात ‘कार्बन फूटप्रिंट’ ही संज्ञा आज वारंवार आढळते. तिचा मराठी प्रतिशब्द शोधला की काम संपले, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात खरी अडचण वाक्य लिहिताना येते. हा ठसा कोणाचा, हे वाक्यातून कळले नाही, तर जबाबदारी कोणाची हेही कळत नाही. म्हणून या घटकात आपण प्रतिशब्दाबरोबरच वाक्यरचनेचाही विचार करणार आहोत.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ संज्ञेचा अर्थ

एखादी व्यक्ती, संस्था, वस्तू किंवा कृती यांच्यामुळे प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे वातावरणात जाणाऱ्या हरितगृह वायूंचे एकूण प्रमाण म्हणजे कार्बन फूटप्रिंट. मिथेनसारखे अन्य वायूही कार्बन डायऑक्साइडच्या तुल्य प्रमाणात रूपांतरित करून त्यात धरले जातात. हे प्रमाण किलोग्रॅम किंवा टन या एककांत सांगतात. उदाहरणार्थ, एक लिटर डिझेल जाळल्यास सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो.

या संज्ञेचे मूळ ‘इकॉलॉजिकल फूटप्रिंट’ या कल्पनेत आहे. विल्यम रीस व मॅथिस वॅकरनेगेल यांनी १९९०च्या दशकात कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात ती विकसित केली. ‘कार्बन फूटप्रिंट’ हा शब्द मात्र सर्वतोमुखी होण्यात २००५च्या सुमारास ‘बीपी’ या तेल कंपनीने केलेल्या जाहिरातींचा मोठा वाटा होता. ‘तुमचा ठसा किती?’ असा प्रश्न तेल विकणाऱ्या कंपनीने ग्राहकाला विचारला, ही बाब भाषेच्या अभ्यासकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

४.३.२ मराठी पर्याय आणि त्यांच्या अर्थच्छटा

‘कार्बन पदचिन्ह’, ‘कार्बन पाऊलखुणा’ आणि ‘कार्बन ठसा’ हे पर्याय मराठीत वापरले जातात. या तिन्ही शब्दांना मराठीत आदराची वा आपुलकीची छटा आहे. थोरांच्या पदचिन्हांवर चालावे, असे आपण म्हणतो. पाऊलखुणा भूतकाळाच्या आठवणी जागवतात. कर्तबगार व्यक्ती आपल्या क्षेत्रात ठसा उमटवते. दारात लक्ष्मीची पावले काढणाऱ्या समाजाला पाऊल सहसा शुभच वाटते. येथे मात्र अर्थ उलट आहे. हा ठसा जितका लहान, तितका चांगला.

या घटकात आपण ‘कार्बन ठसा’ हा पर्याय स्वीकारू. तो एकवचनी असल्याने वजनाच्या मापाशी जुळतो (‘दोन टन पाऊलखुणा’ ही रचना कानाला खटकते) आणि ‘ठशाचा’, ‘ठशात’ अशी त्याची सामान्यरूपे सहज होतात. ‘फूटप्रिंट’ हाच शब्द ठेवायचा असल्यास त्याचे लिंग संपूर्ण लेखात एकच ठेवावे.

४.३.३ वाक्यातील उपयोजन

वाक्य लिहिताना तीन प्रश्न विचारावेत : ठसा कोणाचा? कोणत्या कृतीचा वा काळाचा? आणि शक्य असल्यास, किती?

(१) सदोष : ‘कंपनीने मोठा कार्बन ठसा उमटवला.’
सुधारित : ‘मालवाहतूक वाढल्यामुळे कंपनीचा वार्षिक कार्बन ठसा वाढला.’
‘उमटवणे’ या क्रियापदामुळे दोषाला पराक्रमाचे रूप येते.

(२) सदोष : ‘ट्रकने कार्बन ठसा सोडला.’
सुधारित : ‘शंभर लिटर डिझेल लागणाऱ्या या फेरीचा कार्बन ठसा, केवळ इंधनाचे ज्वलन धरले तरी, सुमारे २७० किलो भरतो.’
धूर सोडला जातो. ठसा मोजला जातो.

(३) विचारणीय : ‘आपण सर्वांनी आपला कार्बन ठसा कमी केला पाहिजे.’
हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. तथापि, ‘आपण सर्व’ या शब्दांत लोकलने कामावर जाणारी कामगार स्त्री आणि दर आठवड्याला विमानाने फिरणारा अधिकारी एकाच मापाने मोजले जातात. शिवाय, घरातील विजेचा ठसा ती वीज कोळशापासून तयार झाली की पाण्यापासून, यावर बराच अवलंबून असतो. तो निर्णय घरात होत नाही.
सुधारित : ‘वारंवार विमानप्रवास करणाऱ्यांनी तो कमी केल्यास त्यांचा कार्बन ठसा घटेल, घरगुती विजेचा ठसा कमी होण्यासाठी मात्र वीजनिर्मितीची पद्धतही बदलावी लागेल.’

४.४ सारांश

‘ठसा’ हा शब्द षष्ठीची अपेक्षा करतो. ‘माझा’, ‘कारखान्याचा’, ‘देशाचा’ यांपैकी काय लिहायचे, हा निर्णय व्याकरणाबरोबरच न्यायाचाही आहे. या संज्ञेसोबत ‘मोजणे’, ‘वाढणे’, ‘घटणे’, ‘कमी करणे’ ही क्रियापदे योजावीत, ‘उमटवणे’ टाळावे.

४.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘पदचिन्ह’, ‘पाऊलखुणा’ व ‘ठसा’ यांच्या अर्थच्छटांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
२. ‘शहराचा कार्बन ठसा वाढत आहे’ हे वाक्य कृती व कारण यांचा उल्लेख करून पुन्हा लिहा.
३. आपल्या परिसरातील वीटभट्टी, साखर कारखाना किंवा बसस्थानक यांपैकी एकाविषयी ही संज्ञा योजून पाच वाक्ये लिहा.