बँकेच्या नावाने आलेल्या मेलविषयी, भाचीस

सांगली

चि. मुक्ता,

तू काल पाठवलेला मेल वाचला. ‘आत्या, हा खरा आहे का गं?’ एवढंच सोबत लिहिलं होतंस. त्यातलं निळं बटण दाबायच्या आधी विचारलंस, याचं मला फार बरं वाटलं. फोनवर ‘खोटा आहे, काढून टाक’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण पुढचा मेल येईल तेव्हा मी फोन उचलेनच असं नाही, आणि तो याच्याहून सफाईने लिहिलेला असेल. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी मजकूर बघ. ‘आपले केवायसी अपूर्ण आहे, २४ तासांत पूर्ण न केल्यास खाते गोठवण्यात येईल.’ वाचून पोटात गोळा येतो, कारण यातलं निम्मं खरं आहे. केवायसी ठरावीक काळाने पुन्हा द्यावं लागतं. खात्याच्या जोखमीप्रमाणे दोन, आठ किंवा दहा वर्षांनी ती वेळ येते आणि बँका तशी आठवणही करतात. चोवीस तासांची धमकी मात्र या भामट्याची स्वतःची. रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये बँकांना बजावलं आहे की मुदत संपण्याआधी ग्राहकाला किमान तीन सूचना द्यायच्या, त्यातली एक तरी पत्राने. मुदत उलटल्यावरही पुन्हा किमान तीन स्मरणपत्रं. शिवाय तुझं पगाराचं खातं गेल्या वर्षी उघडलेलं. त्याच्या केवायसीची वेळच अजून आलेली नाही. हा विचार करायला दोन मिनिटं लागतात, आणि ती दोन मिनिटं तुला मिळू नयेत म्हणूनच तो चोवीस तासांचा धाक आहे.

बँकेच्या शाखेत नोकरीला असताना अशा मेलचे छापील कागद घेऊन आलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांत प्राध्यापक होते, डॉक्टर होते. हुशारीत कोणी कमी नव्हतं. कोणी दवाखान्यातल्या गर्दीत मेल उघडला होता, कोणी मुलीच्या लग्नाच्या धावपळीत. तू दिवसभर ऑफिसात स्क्रीनसमोर असतेस, तेव्हा ‘मला नाही कोणी फसवणार’ असं मनात आणू नकोस.

आता पाठवणाऱ्याचा पत्ता. वर ठळक अक्षरांत दिसणारं बँकेचं नाव कोणालाही टाइप करता येतं, त्याला काडीची किंमत देऊ नकोस. त्या नावावर बोट ठेवलंस की त्यामागचा पत्ता दिसतो. लिंकवरही बोट दाबून धरलंस की ती कुठे नेणार ते दिसतं. फक्त सोडताना ती उघडणार नाही याची काळजी घे. मग सुरुवातीच्या जोड तिरक्या रेघांपासून पुढची पहिली तिरकी रेघ येईपर्यंतचा भाग घे आणि तो शेवटाकडून मागे वाचत ये. जागेचा मालक कोण, हे शेवटचे दोन-तीन तुकडे सांगतात. तुझ्या मेलमधल्या लिंकच्या सुरुवातीला बँकेचं नाव होतं, पुढे टिंब, मग ‘केवायसी-अपडेट’ आणि शेवटी भलतंच काहीतरी. ‘कलेक्टर कचेरीसमोर’ अशी पाटी लावल्याने चहाची टपरी कलेक्टरची होत नाही, तसंच हे. अक्षरांवरही नजर ठेव. इंग्रजी आर आणि एन शेजारी आले की फोनच्या छोट्या पडद्यावर एम वाटतात; ओच्या जागी शून्य बसवलेलं असतं.

यात एक चांगली गोष्ट अलीकडे झाली आहे. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना, आपल्या नागरी सहकारी बँकांनासुद्धा, ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळं ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटावर न्यायला सांगितलं. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो आणि त्याची नोंदणी हैदराबादची आयडीआरबीटी ही एकच संस्था करते. मात्र ‘बँक’ या शब्दाच्या दोन्ही बाजूंना टिंब हवं. नावापुढे आडवी रेघ काढून ‘बँक डॉट इन’ जोडलेला पत्ता कोणीही विकत घेऊ शकतो.

काही जुन्या खुणा आता कामाच्या राहिल्या नाहीत. चुकीचं इंग्रजी ही त्यांतली पहिली. हल्ली यंत्राकडून लिहून घेतलेला मजकूर बँकेच्या पत्राइतकाच नीटनेटका असतो, मराठीतसुद्धा. पत्त्याशेजारचं कुलूप पाहूनही निर्धास्त होऊ नकोस. तुझ्या फोनपासून त्या संकेतस्थळापर्यंतचा रस्ता बंदिस्त आहे एवढंच ते सांगतं. पलीकडे चोर बसला असेल तर माहिती बंदिस्त रस्त्याने चोराच्या हातात पडते. मेलमध्ये तुझं पूर्ण नाव किंवा खात्याचे शेवटचे चार आकडे बरोबर असले तरी भुलू नकोस. ही माहिती बाजारात विकत मिळते.

म्हणून मी स्वतः एकच शिस्त पाळते आणि तूही पाळावीस असं मनापासून वाटतं: मेल खरा असो वा खोटा, त्याच्या वाटेने बँकेत जायचं नाही. बँकेचं ॲप उघड, पत्ता स्वतः टाइप कर, नाहीतर कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर फोन कर. तो नंबर गूगलवर शोधू नकोस, तिथेही खोटे नंबर पेरलेले असतात. खरोखर काही काम असेल तर ते ॲपमध्ये किंवा शाखेत तुला दिसेलच. सोबत जोडलेली फाइल उघडल्यावर लॉगिनचा पासवर्ड मागू लागली, तर तिथल्या तिथे बंद कर. व्हॉट्सॲपवर बँकेच्या नावाने ॲपची फाइल आली तर हात लावू नकोस. असली ॲप फोनमध्ये शिरली की ओटीपीचे मेसेज परस्पर वाचतात. नोकरीच्या सगळ्या वर्षांत मला एकाही ग्राहकाचा पासवर्ड किंवा ओटीपी विचारावा लागला नाही. बँकेचं काम त्याच्याशिवाय चालतं.

आता जे मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते. इतकं करूनही एखाद्या दिवशी हातून घडलंच, तर लपवू नकोस. आमच्या शाखेत एक निवृत्त शिक्षक यायचे. पैसे गेल्यावर मुलं काय म्हणतील या संकोचाने ते आठवडाभर कोणाशी बोलले नाहीत, आणि त्या आठवड्यात खात्यातून आणखी रक्कम निघत राहिली. तेव्हा तत्क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन लावायचा, बँकेला सांगून खातं आणि कार्ड बंद करून घ्यायचं, आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार नोंदवायची. चोरलेले पैसे एका भाड्याच्या खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात फिरतात आणि मग रोख होऊन बाहेर पडतात. तक्रार लवकर पोचली तर ते वाटेतच गोठवता येतात. (तुझ्या ओळखीतलं कोणी कमिशनसाठी आपलं खातं वापरायला देत असेल तर त्याला आजच थांबव. चौकशीत पोलीस पहिल्यांदा त्याच्याच दारी येतात.)

रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घालून दिलेला नियमही ध्यानात असू दे. चूक तुझीही नाही आणि बँकेचीही नाही, गळती तिसरीकडेच झाली आहे, अशा वेळी बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवलंस तर तुझ्यावर काहीच भार पडत नाही. चार ते सात दिवस लावलेस तर ठरावीक मर्यादेपर्यंत पडतो. पासवर्ड किंवा ओटीपी तूच दिला असशील, तर बँकेला कळवेपर्यंत गेलेले पैसे तुझे गेले. कळवल्यानंतर जातील ते बँकेला भरून द्यावे लागतात. म्हणजे चूक आपली असली तरी ओशाळून बसण्यात नुकसानच आहे. कळवल्यावर तक्रारीचा क्रमांक मागून वेळेसकट लिहून ठेव.

दिवाळीत घरी जाशील तेव्हा एक काम माझ्यासाठी कर. दादाला आणि वहिनीला शेजारी बसवून हा मेल दाखव, त्यातला पत्ता त्यांच्याकडून वाचून घे आणि दोघांच्या फोनमध्ये १९३० हा नंबर घालून दे. दादा असल्या गोष्टी मला विचारत नाही, तुझं मात्र ऐकेल.

तुझी,
आत्या