फड्या निवडुंग: पाण्याने भरलेला चारा

टेक्सासात एखाद्या मेक्सिकन वाण्याच्या दुकानात गेलात, तर मिरच्या-कोथिंबिरीच्या शेजारी काटे सोललेले चपटे हिरवे फडे दिसतील. पाटीवर नाव असतं 'नोपालेस'. आपल्याकडच्या फड्या निवडुंगाचाच हा चुलतभाऊ. आपण तो शेताच्या कडेला वईसाठी लावला आणि लहानपणी त्याची लाल बोंडं खाऊन जिभेत कुसं भरून घेतली; त्यापलीकडे त्याला किंमत दिली नाही. मेक्सिकोत मात्र ते रीतसर पीक आहे. कोवळ्या फड्यांची भाजी होते, फळं (तिकडे 'तुना') बाजारात जातात आणि जून फडे गुरांना घालतात.

फडा म्हणजे पान नव्हे, ते खोड. खरी पानं कोवळ्या फड्यावर बारीक शंकूसारखी येतात आणि थोड्याच दिवसांत गळतात. बहुतेक झाडं दिवसा रंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्याच वाटेने त्यांचं पाणी उडून जातं. निवडुंग रंध्रं रात्री, हवा गार झाल्यावर उघडतो. घेतलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवसा रंध्रं मिटून उन्हाच्या जोरावर त्याची साखर करतो. हे जिभेलाही कळतं. अंगणात खाण्याजोग्या जातीचं झाड असेल तर पहाटे एक कोवळा फडा तोडा, एक दुपारी. पहाटेचा चांगलाच आंबट लागेल. (कुसं आधी नीट काढा!) या उलट्या दिनक्रमामुळे गव्हासारख्या पिकाच्या तुलनेत तेवढ्याच पाण्यात निवडुंग तीन ते पाच पट सुका माल तयार करतो.

आता चाऱ्याचा हिशेब. फड्यात सुमारे 90 टक्के पाणी असतं. गाईने 40 किलो फडे खाल्ले तर 36 लिटर पाणी तिच्या पोटात गेलं. दुष्काळात ही मोठीच गोष्ट. पण सुका माल उरला फक्त 4 किलो, आणि त्यात प्रथिनं साधारण 5 टक्के, म्हणजे 200 ग्रॅम. एवढ्यावर गाय जगत नाही. नुसत्या निवडुंगावर ठेवलेली जनावरं पातळ शेण टाकतात आणि खंगतात. त्याच्या जोडीला कडबा किंवा भुसा आणि प्रथिनांसाठी भुईमुगाचा पाला किंवा पेंड हवीच. टेक्सासातले पशुपालक दुष्काळात रानातल्या निवडुंगाचे काटे गॅसच्या ज्योतीने जाळून तो गुरांना घालतात. लावायचाच असेल तर बिनकाट्याची जात बरी.

लागवड सोपी आहे. जून फडा सांध्यावर कापायचा आणि सावलीत दोन-तीन आठवडे ठेवून जखम सुकू द्यायची. ओली जखम मातीत गेली की फडा कुजतो. मग एक तृतीयांश ते निम्मा पुरायचा. पाणी साचणारी काळी जमीन टाळायची. पहिली दोन-तीन वर्षं कापणीची घाई करायची नाही.

खरी काळजी किडीची. 1795 साली किरमिजी रंगासाठी म्हणून ब्राझीलहून भारतात किडे आणले गेले. ते रंगाच्या कामाचे निघाले नाहीत, जात वेगळीच होती. पण त्यांनी एका जातीचा निवडुंग जवळजवळ फस्त केला. पुढे 1926 साली दक्षिण भारतात माजलेला दुसऱ्या जातीचा निवडुंग हटवण्यासाठी श्रीलंकेतून डॅक्टिलोपियस ओपन्शिए ही त्यांच्याच कुळातली कीड मुद्दाम आणली, आणि तिने काम फत्ते केलं. तीच कीड पुढे ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या चाऱ्याच्या निवडुंगावर पडली. 2014 मध्ये ती मोरोक्कोत दिसली आणि तिथल्या निवडुंगाच्या बागा आणि वया वाळून गेल्या. दोन्हीकडे आता किडीला दाद न देणाऱ्या जाती लावल्या जात आहेत. तेव्हा गावाकडे कुणी बिनकाट्याचे फडे मागितले, तर काटे आहेत का याआधी या किडीपुढे ती जात टिकते का हे विचारा.