वेल्ड केलेला आर्म कितपत विश्वासार्ह?

प्रश्न : माझ्या जुन्या जीपच्या सस्पेन्शनच्या खालच्या आर्मला तडा गेल्याने तो वेल्डिंग करून घेतला. जोड गुळगुळीत व भक्कम दिसतो. समृद्धी महामार्गावर गाडी निर्धास्तपणे न्यावी काय?
— एक वाचक, कारंजा (लाड), जि. वाशिम

उत्तर : आपली काळजी रास्त आहे, आणि तिला उपायही आहे. बाह्य गुळगुळीतपणा ही जोडाच्या बळाची सनद नव्हे. कारण खड्ड्यांच्या वारंवार आघातांनी पडणारी चीर बहुधा वेल्डच्या कडेला, जेथे भरलेला धातू मूळ पत्र्यास मिळतो आणि उष्णतेने त्याचा पोत पालटलेला असतो, तेथेच सूक्ष्म रूपाने उद्भवते व रंगाखाली दीर्घकाळ दडून राहते. रंग व वंगण काढून डाय पेनेट्रंट नावाचा तांबडा द्रव लावावा, दहा-एक मिनिटांनी पुसून पांढरा डेव्हलपर फवारावा, म्हणजे चीर असल्यास तांबडी रेघ उमटते. मात्र ही परीक्षा पृष्ठभागापुरतीच आहे, आतली पोकळी तीत दिसत नाही. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, निष्कर्ष निर्दोष आला तरी तडकलेला आर्म बदलून नवाच बसवावा आणि लगोलग चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे; चाक ज्यावर बसते तो घडीव अथवा ओतीव स्टिअरिंग नकल (knuckle) तर कदापि वेल्ड करू नये. तोवर महामार्ग वर्ज्य समजावा, आणि स्टिअरिंग एका बाजूस ओढू लागल्यास किंवा जोडावर गंजाची रेघ दिसल्यास गाडी न चालवता टोचन करूनच गॅरेजात न्यावी.