ईस्ट बंगाल क्लब : विस्थापितांच्या मशालीची वाटचाल

भारतातील फुटबॉलचा इतिहास सांगताना २९ जुलै १९११ या दिवसाचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. त्या दिवशी मोहन बागानच्या अनवाणी खेळाडूंनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा २-१ असा पराभव करून आय.एफ.ए. शील्ड जिंकली आणि फुटबॉल हा राष्ट्रीय अस्मितेचा विषय बनला. त्या विजयी संघातील अनेक खेळाडू मूळचे पूर्व बंगालचे होते, ही बाब मात्र सहसा सांगितली जात नाही. पूर्व बंगालातून शिक्षणासाठी व नोकरीसाठी आलेला तरुण कोलकात्याच्या संघांत खेळत होता, गोल करीत होता. परंतु शहराच्या दृष्टीने तो ‘बांगाल’, म्हणजे वेगळ्या बोलीचा, काहीसा गावंढळ असा परकाच होता. मूळ पश्चिम बंगालचे रहिवासी स्वतःला ‘घटी’ म्हणवीत. ईस्ट बंगाल क्लबचा जन्म या सामाजिक दरीतून झाला.

तात्कालिक कारण तसे किरकोळ होते. जुलै १९२० मध्ये कूचबिहार चषकाच्या सामन्यासाठी जोडाबागान क्लबने शैलेश बोस या खेळाडूला संघातून वगळले. क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी यांनी त्याला खेळविण्याचा आग्रह धरला. तो मानला गेला नाही, तेव्हा ते क्लबमधून बाहेर पडले. बोस पूर्व बंगालचे असल्यामुळेच त्यांना डावलण्यात आले, अशी भावना होती. १ ऑगस्ट १९२० रोजी चौधुरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी नवा क्लब स्थापन केला आणि त्याला थेट आपल्या प्रदेशाचे नाव दिले. हे संस्थापक जमीनदार व सुशिक्षित वर्गातील होते. सुरुवातीचा क्लब हा प्रतिष्ठितांचा क्लब होता, विस्थापितांचा नव्हे. फाळणी तेव्हा सत्तावीस वर्षे दूर होती.

वसाहतकालीन फुटबॉलमधील वंशभेदाचा अनुभवही या क्लबला आला. कोलकाता लीगच्या पहिल्या श्रेणीत दोनपेक्षा अधिक भारतीय संघ नसावेत, असा दंडक होता व त्या दोन जागा मोहन बागान आणि आर्यन यांच्याकडे होत्या. १९२४ च्या मोसमात गुणवत्तेने पात्र ठरूनही ईस्ट बंगालचा मार्ग या नियमाने अडविला. अखेर नियम रद्द झाला आणि १९२५ मध्ये क्लब वरच्या श्रेणीत दाखल झाला. त्याच वर्षी मोहन बागानशी झालेली पहिली लीग लढत त्याने १-० अशी जिंकली. १९२८ मध्ये मात्र तो पुन्हा खाली घसरला. १९३० चा मोसम सविनय कायदेभंगाच्या चळवळीमुळे अर्धवट राहिला व बढतीची संधी हुकली. त्या निर्णयाच्या निषेधार्थ मशाली घेऊन निघालेल्या मिरवणुकीतून क्लबचे मशालीचे बोधचिन्ह आले, असे सांगितले जाते. पुढे १९४२ मध्ये पहिले लीग विजेतेपद आणि १९४३ मध्ये पहिली आय.एफ.ए. शील्ड क्लबने मिळविली. दरम्यान १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे लीग जिंकून मोहमेडन स्पोर्टिंगने अशाच एका समाजगटाला मैदानावर स्थान मिळवून दिले होते, हेही लक्षात घ्यावयास हवे.

फाळणीनंतरचे रूपांतर

१९४७ नंतर क्लबच्या नावाचा अर्थच बदलला. ज्या प्रदेशाचे नाव त्याने धारण केले होते, तो आता दुसऱ्या देशात होता. १९५१ च्या जनगणनेत पश्चिम बंगालमध्ये सुमारे २१ लाख विस्थापितांची नोंद झाली. दक्षिण कोलकात्यात जादवपूर, बिजयगड अशा भागांत निर्वासितांच्या वसाहती उभ्या राहिल्या. घर, जमीन, व्यवसाय सारे गमावलेल्या माणसाला आपल्या गावाचा उच्चार उघडपणे करता येईल, अशा जागा थोड्याच होत्या. लाल-पिवळ्या जर्सीचा हा संघ त्यांपैकी एक ठरला. संघ जिंकला की ‘बांगाल’ घरात हिलसा मासा आणि मोहन बागान जिंकले की ‘घटी’ घरात कोळंबी, ही प्रथा आजही बंगाली कुटुंबांत थट्टेचा विषय असते.

येथे एक विसंगती नमूद करणे आवश्यक आहे. निर्वासितांना ज्या काळात विजयाची सर्वाधिक गरज होती, त्या काळात तो मिळवून देणारे बंगाली नव्हतेच. सचिव ज्योतिष गुहा यांनी बाहेरून गुणी खेळाडू आणण्याचे धोरण स्वीकारले. अहमद खान, अप्पाराव, धनराज, सालेह आणि व्यंकटेश हे पाच आघाडीचे खेळाडू दक्षिण भारतातील होते. कोलकात्याने त्यांना ‘पंच पांडव’ म्हटले. १९४९ मध्ये क्लबने लीग, शील्ड आणि मुंबईत होणारा रोव्हर्स चषक असे तिहेरी यश संपादन केले. १९४९ ते १९५१ अशी सलग तीन वर्षे शील्ड, तर १९५१ व १९५२ मध्ये ड्युरँड चषक त्याच्याकडे राहिला. खेळाडू कोणत्या प्रांतात जन्मला, यापेक्षा गॅलरीत कोण उभे आहे, यावर क्लबचा समाज ठरतो, हे या पर्वाने स्पष्ट केले.

१९७० ते १९७५ अशी सलग सहा लीग विजेतेपदे, १९७० च्या शील्ड अंतिम सामन्यात इराणच्या पास क्लबवर मात आणि १९७५ च्या अंतिम सामन्यात मोहन बागानवर ५-० असा विजय, हा क्लबचा भरभराटीचा काळ. या वैराची किंमतही मोजावी लागली. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डनवर दोन्ही संघांच्या सामन्यात हाणामारी व चेंगराचेंगरी होऊन १६ प्रेक्षक मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ त्या तारखेला रक्तदान शिबिरे भरविली जातात. १३ जुलै १९९७ रोजी सॉल्ट लेक स्टेडियमवर सुमारे १ लाख ३१ हजार प्रेक्षकांसमोर बायचुंग भुतियाच्या तीन गोलांच्या जोरावर ईस्ट बंगालने ४-१ असा विजय मिळविला. २००३ मध्ये जकार्ता येथे आसियान क्लब अजिंक्यपदही क्लबने पटकावले.

सभासद की गुंतवणूकदार?

कोलकात्याचे ‘मैदान’ लष्कराच्या ताब्यात असल्याने तेथील क्लबांना कायम स्वरूपाच्या बांधकामावर मर्यादा आहेत. म्हणूनच त्यांच्या कार्यालयांना आजही ‘टेंट’ म्हणतात. सभासदांच्या वर्गणीवर व तिकिटांच्या उत्पन्नावर उभ्या असलेल्या अशा संस्थेला व्यावसायिक लीगचा खर्च पेलणे कठीण होते. २०१८ पासून क्लबने एकामागून एक गुंतवणूकदार कंपन्यांशी हातमिळवणी केली आणि २०२० मध्ये इंडियन सुपर लीगमध्ये प्रवेश मिळविला. परंतु संघावरील अधिकार कंपनीचे की क्लबचे, हा प्रश्न त्यातून उद्भवला. २०२१ मध्ये अंतिम करारावर स्वाक्षरी करण्यावरून क्लबचे पदाधिकारी व गुंतवणूकदार यांच्यात तीव्र मतभेद झाले, चाहते रस्त्यावर उतरले आणि २०२२ मध्ये नवा भागीदार आला. पैसा आणि मालकी यांच्यातील हा तिढा केवळ एका क्लबचा नाही. सभासदांनी चालविलेल्या बहुतेक जुन्या क्रीडासंस्थांपुढे तो उभा आहे.

दीर्घ प्रतीक्षेनंतर जानेवारी २०२४ मध्ये भुवनेश्वर येथे ओडिशा एफ.सी.चा ३-२ असा पराभव करून संघाने सुपर कप जिंकला. बारा वर्षांतील हे त्याचे पहिले मोठे राष्ट्रीय विजेतेपद. २०२४-२५ च्या मोसमात भारतीय महिला लीगचे अजिंक्यपद ईस्ट बंगालच्या महिला संघाने मिळविले.