त्रिकोणातून डोंगर

मुलास डोंगर काढावयास सांगितले, की ते दोन त्रिकोण काढून मध्ये सूर्य बसविते. आपण कौतुकाने हसतो. परंतु संगणकही डोंगराचे चित्र त्रिकोणापासूनच आरंभतो. ते कसे, हे आम्ही येथे थोडक्यात सांगतो. बालवाचकांनी कागद-पेन्सिल जवळ घ्यावी.

एक त्रिकोण काढून त्याच्या कोपऱ्यांवर उंचीचे आकडे लिहावेत. एका बाजूच्या टोकांस ४० व ८० असतील, तर मध्याची उंची ६० येते. आता नाणे उडवावे. छापा पडल्यास ७०, काटा पडल्यास ५० लिहावे. तिन्ही मध्य असे ठरवून जोडले, की एकाचे चार त्रिकोण होतात. पुन्हा हीच कृती करावी. मात्र या खेपेस १० ऐवजी ५ ची वाढ-घट, नंतर त्याच्याही निम्मी. दोन त्रिकोणांची बाजू सामाईक असेल तेथे नाणे एकदाच उडवावे, नाहीतर डोंगरास भेग पडेल! दहा खेपांत १०,४८,५७६ त्रिकोण होतात. यंत्र ते क्षणात करते. सूर्यासमोरचे त्रिकोण उजळ, पाठमोरे काळसर व दूरचे निळसर रंगविले, की डोंगर खरा भासू लागतो.

मोठ्या आकारात तसलाच लहान आकार दिसावा, अशा आकृत्यांस गणिती बेन्वा मान्डेलब्रो यांनी १९७५ साली 'फ्रॅक्टल' हे नाव दिले. लॉरेन कार्पेंटर यांनी १९८० साली याच रीतीने डोंगरांवरील उड्डाणाचा 'व्हॉल लिब्र' हा छोटा चित्रपट केला.

तरीही एक उणीव राहते. नाण्याच्या कौलाने झालेला डोंगर सुळकेदार होतो. पैनगंगेच्या खोऱ्यातील काळ्या दगडाच्या टेकड्या पाहाव्यात: माथा सपाट, उतारास पायऱ्या. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर साचले. पुढे पावसाने मऊ थर लवकर झिजविले, कठीण थर कड्यासारखे उभे राहिले. नाण्यास हा इतिहास कोठून ठाऊक असणार? म्हणून पुढील अभ्यासकांनी पाण्याची झीजही गणितात घेतली. आणि विशिष्ट डोंगरच हवा असेल, तर उंची मोजावीच लागते. २००५ साली सोडलेल्या आपल्या कार्टोसॅट-१ उपग्रहाने दोन कॅमेऱ्यांनी एकच भूमी दोन कोनांतून टिपली, व त्यावरून उंची काढता आली.

भासणे निराळे, असणे निराळे. तेव्हा पालकांस आमची विनंती, की मुलाच्या त्रिकोणास हसू नये व चूकही म्हणू नये. त्यास शिवारात न्यावे, टेकडी दाखवावी आणि एवढेच विचारावे, "बाळा, यात पायऱ्या किती?"