स्नेहमेळाव्याचं गाव ठरवताना

युरोपात येऊन वर्ष होतं न होतं तोच कुणीतरी म्हणतं, "पुढचा मेळावा तुमच्याकडे हं!" आणि नवी माणसं भिडेपोटी हो म्हणतात. हो म्हणण्याआधी हे वाचावं. ज्यांनी हौसेने लिहून दिलं तेवढंच इथे आहे. स्वयंपाकावर लिहायला तिघी पुढे आल्या, पार्किंगवर कुणीच नाही.

आधी कागद, मग नकाशा
(फ्रँकफर्टजवळचं कुटुंब)

कुठल्या घराचा पासपोर्ट कोणता आणि राहण्याचा परवाना कोणत्या देशाचा, याची यादी करा. गाव त्या यादीवरून ठरतं.

शेंगेनमधल्या देशाचा वैध परवाना असेल तर भारतीय पासपोर्टवर इतर शेंगेन देशांत 180 दिवसांत 90 दिवस राहता येतं. स्वित्झर्लंड युरोपियन संघात नाही, पण शेंगेनमध्ये आहे. क्रोएशिया 2023 पासून आहे. ब्रिटन आणि आयर्लंड नाहीत.

परवान्याचं नूतनीकरण चालू असताना जर्मनीत 'फिक्त्सिओन'चा कागद हातात देतात. त्याचे प्रकार आहेत, आणि सगळ्याच प्रकारांवर देशाबाहेर जाऊन परत येता येत नाही. खूण कुठल्या चौकटीत आहे ते पाहा, शंका असेल तर कचेरीला लेखी विचारा.

आई-बाबा आलेले असतील तर त्यांचा व्हिसा एकाच प्रवेशाचा आहे का ते बघा. तसा असेल तर त्यांना लंडनला नेऊ नका. ब्रिटनचा वेगळा व्हिसा काढलात तरी शेंगेनबाहेर पाऊल पडलं की त्याच व्हिसावर परत येता येत नाही.

सप्टेंबर 2024 पासून जर्मनीने आपल्या सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केली. पासपोर्ट आणि कार्ड खांद्यावरच्या पिशवीत ठेवा, डिकीतल्या बॅगेत नको.

लंडनकरांची कैफियत

"यंदा कोलोन" असं एका ओळीत कळवायला तुमचं काय जातं? तुम्ही शनिवारी सकाळी डबे भरता आणि गाडीत बसता. आम्हाला भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. मोठ्यांचे 90 युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांचे 45, वर व्हिसा केंद्राचं शुल्क निराळं. पैशांचंही एक वेळ सोडा, अपॉइंटमेंट मिळेल तर शपथ! मुलं झोपली की रात्री लॅपटॉप उघडायचा, तारीख दिसायची, नावं भरेपर्यंत ती गेलेली असायची.

शेवटी तारीख मिळाली, तर खिडकीतल्या बाईंनी राहण्याच्या जागेचा कागद उलटा-सुलटा करून पाहिला. घर सगळ्यांसाठी मिळून एकाच्याच नावावर घेतलेलं, त्यावर आमचं नाव कुठेच नाही. तुम्ही तिथेच राहणार याला पुरावा काय, म्हणाल्या. आता पंगतीला बसायचा पुरावा कुठून आणायचा? धाकट्याचा पासपोर्ट ब्रिटिश, त्याला काहीच नको. त्याच्या आईकडे मात्र पगाराच्या पावत्या, बँकेचे उतारे आणि नोकरीचं पत्र!

म्हणून सांगणं एवढंच. अर्ज प्रवासाआधीच्या सहा महिन्यांच्या आत आणि निदान 15 दिवस आधी करावा लागतो, तेव्हा जागा त्याच्या खूप आधी पक्की करा. प्रत्येक घराला सगळ्यांच्या नावानिशी पत्र द्या. दोन देश फिरायचे असतील तर जिथे जास्त दिवस, तिथल्या वकिलातीकडे अर्ज. आणि कधीतरी लंडनलाही या की. 1932 मध्ये स्थापन झालेलं महाराष्ट्र मंडळ आहे इथे, डॉलिस हिलला त्याची स्वतःची वास्तू आहे. व्हिसाच्या रांगेची चव एकदा तुम्हीही घ्या.

तारीख

पेंटेकॉस्टच्या सोमवारी जर्मनी, नेदरलँड्स, बेल्जियम, ऑस्ट्रियात सुट्टी असते. स्वीडनने ती 2005 पासून बंद केली. 2026 मध्ये हा सोमवार आणि ब्रिटनची सुट्टी दोन्ही 25 मेलाच येतात, 2027 मध्ये मात्र 17 आणि 31 मे अशी फाटाफूट आहे. 2026 ची तारीख अधिक ज्येष्ठात पडते, तेव्हा गटात जावई असेल तर अनारशांचं बघा. शाळा बुडवून येऊ नका, जर्मनीत त्याला दंड होतो.

मुलांसाठी गाव
(झुरिकचे काका)

डिस्नेलँड जवळ आहे म्हणून पॅरिस, मोठे पाळणे आहेत म्हणून रुस्ट, असले प्रस्ताव दरवर्षी येतात. माझा त्यांना ठाम विरोध आहे. मुलं पाळण्यांत जातात, आई-बाप तिकिटांच्या रांगेत, आणि संध्याकाळी सगळे इंग्रजीत दमलेले. वर्षातून तीन दिवस मुलांच्या कानावर मराठी भांडणं, मराठी थट्टा पडली पाहिजे. त्यासाठी शेजारी कुरण असलेलं कंटाळवाणं खेडं उत्तम. कंटाळा आला की मुलं आपोआप आजीजवळ येऊन बसतात. नाटुकलं बसवा, शुभंकरोती म्हणून घ्या. हल्लीच्या पालकांना हे जुनाट वाटतं, वाटू दे.

प्रवास

रेल्वे स्टेशनवरून चालत जाता येईल अशी जागा बघा. जर्मनीचं डॉइचलांड-टिकीट आयसीई या वेगवान गाड्यांना चालत नाही.

स्वयंपाकघर
(तिघींनी मिळून)

शहर मागाहून बघा, आधी ओटा बघा. युगेंडहेरबेर्ग, म्हणजे युवा वसतिगृह, स्वस्त पडतं, पण तिथे जेवण त्यांचं आणि बहुतेक ठिकाणी आपल्याला आत शिरू देत नाहीत. आपला स्वयंपाक आपण करायची मुभा असलेलं घर मागा. शेगडी इंडक्शनची आहे का विचारा. त्यावर ॲल्युमिनियमचे कुकर तापत नाहीत. बुडाला लोहचुंबक चिकटला तरच भांडं न्या. फोडणीआधी खिडक्या उघडा. काही घरांत धुराचा अलार्म थेट अग्निशामक दलात वाजतो आणि विनाकारण आलेल्या बंबाचं बिल यजमानाच्या नावावर येतं.

रविवारी जर्मनीत दुकानं बंद, पेंटेकॉस्टला सोमवारीही बंद. कोथिंबीर, दही, लिंबं शनिवारीच आणा. दहा माणसांना किलोभर तांदूळ पुरतो. भारतीय दुकान नसलेल्या गावी वरी आणि साबुदाणा घरून न्यावा, कारण उपवासाचं कुणी ना कुणी असतंच. श्रीखंडासाठी क्वार्क रात्रभर फडक्यात टांगला की चक्का तयार. लंडनकरांनी तूप, पेढे, चक्का आणू नये. 2021 पासून ब्रिटनमधून सामानात दूध-मांसाचे पदार्थ युरोपियन संघात आणायला बंदी आहे. भारतातून येणाऱ्या आईच्या तुपालाही तोच नियम.

एकट्या घराने यजमानपद घेऊ नये. अर्ध्या तासाच्या अंतरात तीन मराठी घरं नसतील तर ते गाव सोडून द्या, मग तिथे किल्ला असो की तळं. भाज्या चिरायला पाहुण्या येतात, पण मोठी पातेली, सुऱ्या आणि मिक्सर कुणाच्या तरी गाडीतूनच यावे लागतात. लेझीम आणि ढोलकी रात्री दहाच्या आत आटपा. निघताना ओव्हनचे ट्रे घासा आणि कचरा चार डब्यांत वेगळा करा, अनामत रक्कम नेमकी तिथेच अडकते.